रॉबर्ट ओवेन : गिरणीमालक आणि समाजवादी

मोठ्या मुलांच्या वर्गाला यंदा वादविवादासाठी ‘समाजवाद चांगला की भांडवलशाही’ हा विषय दिला आहे. तयारीला मदत म्हणून आम्ही अशा एका माणसाची ओळख करून देत आहोत, ज्याला दोन्ही पक्षांना आपला साक्षीदार म्हणून बोलावता येईल.

रॉबर्ट ओवेनचा जन्म १७७१ साली वेल्समधल्या न्यूटाऊन गावी झाला. दहाव्या वर्षी घर सोडून तो कापडाच्या दुकानात नोकरीला लागला आणि विशीतच मँचेस्टरच्या एका सूतगिरणीचा व्यवस्थापक झाला. हाताखाली पाचशे कामगार! १७९९ साली त्याने भागीदारांबरोबर स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या गिरण्या डेव्हिड डेल यांच्याकडून विकत घेतल्या आणि त्याच वर्षी डेल यांच्या मुलीशी लग्नही केले.

क्लाइड नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या या गिरण्यांत, त्या काळच्या रीतीप्रमाणे, शेकडो लहान मुले राबत. मुलांनो, तुमच्यातल्या दुसरी-तिसरीतल्यांच्या वयाचीसुद्धा! ओवेनने दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणे बंद केले. १८१६ साली त्याने मोठी शाळा उघडली. नुकती चालायला लागलेली बाळेही तिथे येत. छडी नाही, गाणी, नाच आणि मोठमोठे नकाशे. गावच्या दुकानात त्याने घाऊक माल आणून जवळजवळ खरेदीच्या भावाने विकायला सुरुवात केली. अमेरिकेतून कापूस येणे थांबले तेव्हा गिरणी चार महिने बंद राहिली, तरी सगळ्यांना पूर्ण पगार मिळाला. एवढे करूनही गिरणी फायद्यात होती, हे भांडवलशाहीच्या पक्षाने टिपून ठेवावे. पण भागीदारांच्या डोळ्यांत हा खर्च खुपत होता आणि शेवटी १८१३ साली ओवेनला शेकडा ५ वर समाधान मानणारे नवे भागीदार शोधावे लागले, हे दुसऱ्या पक्षाने टिपावे.

प्रत्येक कामगाराजवळ एक लाकडी ठोकळा टांगलेला असे. आदल्या दिवशीचे काम वाईट असेल तर काळी बाजू पुढे, मग निळी, मग पिवळी, आणि उत्तम कामाला पांढरी. (ऑफिसात वर्षाअखेरीचा शेरा घेणाऱ्या पालकांना हे ओळखीचे वाटेल.) ओरडणे नाही, मारणे नाही; पण रंग ठरवणार वरचा माणूस. आमच्या मते न्यू लॅनार्कमध्ये कामगाराला बरेच काही मिळाले, फक्त मत मिळाले नाही.

पुढे ओवेनला वाटू लागले, की खाजगी मालकीच नको. १८२५ साली त्याने इंडियाना राज्यात वाबाश नदीकाठचे अख्खे गाव विकत घेतले आणि नाव ठेवले न्यू हार्मनी. येईल त्याला प्रवेश! आठ-नऊशे माणसे जमली. शास्त्रज्ञ आले, शिक्षक आले, बोलणारे तर ढिगाने आले. कारागीर आणि शेतकरी मात्र कमी पडले. आयत्या मिळालेल्या कार्यशाळा चालवायला माणसे नव्हती. कोण किती काम करतो यावरून भांडणे, नियम पुन्हापुन्हा बदललेले. ओवेन तर गाव सुरू करून जो गेला तो १८२६ च्या जानेवारीत परतला. १८२७ पर्यंत सगळे आटोपले आणि त्याची बहुतेक संपत्ती त्यात बुडाली. तिथे राहिलेला जोसाया वॉरन हा, ज्याची मालमत्ता त्याच्याकडेच हवी, अशा मताचा होऊन बाहेर पडला.

ओवेनची मुले मात्र इथेच राहिली. रॉबर्ट डेल ओवेन काँग्रेसमध्ये गेला. स्मिथसोनियन संस्था ज्या कायद्याने १८४६ साली स्थापन झाली, त्यामागे त्याचे श्रम होते. रिचर्ड पर्ड्यू विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला. पर्ड्यूला एम.एस. केलेल्या बाबांनी हे घरी जरूर सांगावे.

ओवेन स्वतः इंग्लंडला परतला आणि १८५८ साली न्यूटाऊनलाच वारला. त्याआधी, १८४४ साली, रॉचडेल गावच्या २८ जणांनी वर्गणी काढून एक छोटे किराणा दुकान उघडले. त्यांच्यातले काही ओवेनचे अनुयायी होते. मालक गिऱ्हाईकच, प्रत्येकाला एक मत आणि नफा खरेदीच्या प्रमाणात वाटून. ओवेनला दुकानदारीचे फारसे कौतुक नव्हते. त्याला नवी गावे वसवायची होती. पण गावे मोडली आणि दुकान वाढत गेले. मुंबईचा अपना बाजार त्याच कुळातला.