पाचगणीतला फारूख

फ्रेडी मर्क्युरी मूळचा फारूख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमधील पारशी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तेथील ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बॅण्डमध्ये तो पियानो वाजवीत असे. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले आणि १९७० मध्ये ‘क्वीन’चा जन्म झाला.

१९७५ मध्ये त्याने रचलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ५ मिनिटे ५५ सेकंदांचे होते. संथ गीत, ऑपेरा आणि दणदणीत रॉक एकत्र, त्यात ध्रुवपदच नाही! एवढे लांबलचक गाणे रेडिओवर वाजणार कसे, ही कंपनीची धास्ती. ‘क्वीन’ने मात्र गाण्याला कात्री लावू दिली नाही. स्टुडिओत थरावर थर चढवलेले ते आवाज दूरचित्रवाणीच्या मंचावर उभे करणे अशक्यच होते. म्हणून ब्रूस गोवर्स यांनी अवघ्या काही तासांत चित्रफीत तयार केली. काळोखातून उजळणारे चार चेहरे प्रेक्षकांच्या मनात ठसले. गाणे ब्रिटनमध्ये नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीचे निधन झाले. एड्स झाल्याचे त्याने आदल्याच दिवशी जाहीर केले होते. त्या डिसेंबरात तेच गाणे, तेवढ्याच लांबीचे, पुन्हा अग्रस्थानी पोहोचले.