डी बॉइन : महादजींच्या कवायती फौजेचा शिक्षक



26 जानेवारीच्या आदल्या दिवशी आई तुमचा पांढरा शर्ट नीळ घालून धुते ना? या नीळ शब्दामागे एक झाड आहे आणि त्या झाडाचा युरोपातल्या सैनिकांच्या गणवेशाशी संबंध आहे.

फ्रान्सचे पायदळ पूर्वी पांढरा कोट घालायचे. राज्यक्रांतीनंतर तो निळा झाला. पण निळा रंग यायचा समुद्रापलीकडून, आणि समुद्रावर इंग्रजांचा जोर. रंग मिळेना, तेव्हा 1806 मध्ये नेपोलियनने पुन्हा पांढऱ्या गणवेशाचा हुकूम काढला. काही पलटणींना तो मिळालाही. पण पांढऱ्यावर चिखल दिसतो, रक्त तर फारच दिसते. 1807 मध्ये परत निळा आला.

आता आपल्या पुस्तकाकडे वळू. महादजी शिंदे यांच्या पाठात डी बॉइन हे नाव येते. त्यांना फ्रेंच म्हणतात, पण त्यांचा जन्म 8 मार्च 1751 ला शांबेरी गावी झाला. हे गाव तेव्हा फ्रान्समध्ये नव्हते, सॅव्हॉय नावाच्या वेगळ्या राज्यात होते. वडील कातडी-लोकरीचे व्यापारी. मुलाला दुकानात बसायचे नव्हते, शिपाई व्हायचे होते. 1768 मध्ये ते फ्रान्सच्या फौजेतील आयरिश पलटणीत दाखल झाले. गंमत पहा, बाकीचे फ्रेंच पायदळ पांढऱ्या कोटात आणि ही पलटण लाल कोटात! कवायत, शिस्त, एका हुकमावर गोळीबार हे सगळे ते तिथेच शिकले.

पुढे ते रशियाकडून लढले, तुर्कांच्या कैदेत पडले, सुटले आणि 1778 मध्ये मद्रासला आले. काही वर्षे इंग्रजांची नोकरी केली. 1784 मध्ये महादजींनी त्यांना दोन पलटणी उभारायला सांगितल्या. एकेका पलटणीत 850 शिपाई.

तोपर्यंत मराठ्यांची खरी ताकद घोडदळात होती. पानिपतावर इब्राहिमखान गारदी यांच्या कवायती पायदळाने काय केले, हे महादजींनी स्वतः पाहिले होते. म्हणून त्यांना तसे पायदळ पाहिजे होते. डी बॉइन यांनी शिपायांना एकसारखा गणवेश, एकसारखी बंदूक आणि वेळेवर पगार दिला. जखमींनाही मदत मिळायची. वेळेवर पगार ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती बरं का! पगार थकला की फौजा बंड करायच्या.

मधे मतभेद झाले तेव्हा ते लखनौला व्यापार करू लागले. 1790 मध्ये महादजींनी परत बोलावले. त्याच वर्षी 20 जूनला पाटण आणि 10 सप्टेंबरला मेडता इथे या पायदळाने राजपूत फौजांना हरवले. 1793 मध्ये लाखेरीला होळकरांच्या फौजेलाही. म्हणजे मराठ्यांनी मराठ्यांनाच! हेही आपण लपवू नये.

12 फेब्रुवारी 1794 ला महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. डी बॉइन यांनी पुढे नोकरी सोडली आणि मोठी संपत्ती घेऊन ते युरोपला गेले. सोबत भारतीय पत्नी आणि दोन मुले होती. तिथे 1798 मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले. पहिली पत्नी इंग्लंडमध्येच राहिली, 1853 मध्ये तिथेच वारली. रणांगणावर शूर असलेला माणूस घरात न्यायाने वागतोच असे नाही. शांबेरीला मात्र त्यांनी भरपूर दानधर्म केला. 21 जून 1830 ला ते वारले. त्यांच्या आठवणीसाठी तिथे 1838 मध्ये कारंजे बांधले. त्यात चार हत्ती आहेत, पण प्रत्येकाचा फक्त पुढचा भाग!

त्यांच्या फौजेचे काय झाले? 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध झाले. डी बॉइन यांच्या जागी आलेले पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेले. इतरही अनेक युरोपीय अधिकारी सोडून गेले. शिपाई मात्र असई आणि लासवारीला जिवावर उदार होऊन लढले. पण हुकूम देणारेच निघून गेले होते. त्याच युद्धात आपल्या भागाचे राजे, नागपूरकर भोसले, अडगावला हरले आणि 17 डिसेंबरला त्यांना देवगावचा तह करावा लागला.

मुलांनो, शिपाई आपले होते, पैसा आपला होता, पण वरचे अधिकारी बाहेरचे होते. विद्या कुणाकडूनही घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण ती शिकून आपल्यातलेच शिकवणारे तयार झाले नाहीत, तर गुरुजी गेले की शाळा बंद पडते.

विचार करा : महादजींना पायदळाची गरज का वाटली? फौजेचे वरचे अधिकारी आपलेच असते, तर 1803 मध्ये काय फरक पडला असता? पाच-सहा ओळी वहीत लिहा.