अरुणाचलाची वाट आणि श्री रमण महर्षी

मदुराईत शिकणाऱ्या वेंकटरामन या मुलाला १८९५ साली घरी आलेल्या एका वृद्ध नातेवाइकाकडून कळले की ते अरुणाचलाहून आले आहेत. मुलाला फार आश्चर्य वाटले. ते पवित्र नाव त्याच्या मनात लहानपणापासून होते, पण हा खरोखरीचा डोंगर आहे आणि तिथे जाता येते, हे त्याला ठाऊकच नव्हते.

पुढच्याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, मृत्यूच्या अनुभवातून त्याला आत्मबोध झाला आणि ऑगस्टअखेर त्याने घर सोडले. थोरल्या भावाच्या कॉलेजच्या फीसाठी त्याच्याकडे पाच रुपये दिलेले होते. त्यातले तीन त्याने प्रवासासाठी घेतले आणि दोन रुपये चिठ्ठीसोबत ठेवून तो निघाला. (वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे असेल, पण हा हिशेब माझ्या मनातून जात नाही.) वाटेत पैसे संपले, तेव्हा कानातली कुडी गहाण ठेवावी लागली. १ सप्टेंबर १८९६ रोजी तो तिरुवण्णामलईला पोहोचला. हाच मुलगा पुढे श्री रमण महर्षी म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या दिवसानंतर ५३ वर्षांहून अधिक काळ महर्षींनी अरुणाचलाचा परिसर सोडला नाही.

मात्र ते सदा एकाच जागी बसून असत, ही समजूत खरी नाही. १८९९ ते १९१६ ते विरूपाक्ष गुहेत राहिले आणि नंतर आणखी वर, झऱ्याजवळच्या स्कंदाश्रमात. या काळात त्यांनी सगळा डोंगर पायी पालथा घातला. एकदा ओढ्याच्या पात्रात त्यांना वडाचे भलेमोठे पान दिसले. एवढे मोठे पान असलेले झाड असेल तरी कुठे, म्हणून ते वर चढू लागले. झुडपांतून जाताना मांडी गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागली. माश्या तुटून पडल्या. आपल्या पायाने त्यांचे घर मोडले, तेव्हा शिक्षाही त्याच पायाने भोगावी, असे मानून महर्षी शांत उभे राहिले. मांडी टम्म सुजली. त्या वडाचा शोध त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही.

गिरिप्रदक्षिणा त्यांना विशेष प्रिय होती. वाट सुमारे १४ किलोमीटरची, पण ते इतके सावकाश चालत की पुष्कळदा अख्खी रात्र जाई. कधी वाटेत मुक्काम करून स्वयंपाकही होई आणि परतायला दोन-तीन दिवस लागत. डोंगरालाच प्रियकर मानून रचलेल्या ‘अक्षरमणमालै’ या तमिळ स्तोत्रातल्या १०८ कडव्यांपैकी काही याच वाटेवर चालताना सुचली.

मे १९२२ मध्ये आईने देह ठेवला. तिची समाधी पायथ्याशी बांधली गेली. महर्षी स्कंदाश्रमातून समाधीपाशी येत आणि परत वर जात. डिसेंबरात एके दिवशी ते खाली आले आणि तिथेच राहिले. त्यांच्याभोवती आजचा श्रीरमणाश्रम उभा राहिला. आता चढ-उताराचा क्रम उलटा झाला. मुक्काम खाली आणि फेरी वर!

आश्रमातली वर्दळ मात्र वाढत गेली. महर्षी प्रदक्षिणेला निघाले की सगळेच मागे निघत. आश्रम सांभाळायला मागे राहायची कोणाची तयारी नसे. आपल्यामुळे इतरांची ही ओढाताण होते, हे पाहून १९२६ च्या सुमारास त्यांनी प्रदक्षिणा कायमची थांबवली. भक्तांना मात्र ते आवर्जून प्रदक्षिणा करायला सांगत. मला वाटते, त्यांच्या त्यागांपैकी याची चर्चा सर्वांत कमी होते. घर, पैसा त्यांनी सोळाव्या वर्षी सहज सोडला होता. ही वाट तर त्यांना प्राणप्रिय होती.

डोंगराच्या उतारावरचे रोजचे फिरणे तेवढे त्यांनी चालू ठेवले. हातात काठी आणि कमंडलू, सोबत एखादा सेवक. पुढे सांधेदुखीने तेही आखडत गेले. १९४९ मध्ये डाव्या हातावरील कर्करोगाच्या गाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या, पण गाठ पुन्हा पुन्हा वाढत राहिली.

१४ एप्रिल १९५०. आश्रमातल्या छोट्या खोलीत महर्षी अखेरच्या घटका मोजत होते. बाहेर जमलेल्या भक्तांनी ‘अक्षरमणमालै’ गायला सुरुवात केली. महर्षींनी क्षणभर डोळे उघडले. डोळ्यांच्या कडांतून अश्रू ओघळले. रात्री ८ वाजून ४७ मिनिटांनी श्वास थांबला. त्याच सुमारास आकाशातून एक तेजस्वी ज्योत संथपणे सरकत डोंगराच्या शिखराकडे जाताना अनेकांनी पाहिली.