चाळिशीत छापखाना सुटला, डोळे अधू झाले आणि फाळक्यांनी सिनेमा काढायचं ठरवलं

चाळिशी आली की माणूस नोकरी बदलायला घाबरतो. घरात बायको-पोरं, डोक्यावर खर्च आणि वर नातेवाईकांचा प्रश्न, आता या वयात नवीन काय करणार? साधारण 115 वर्षांपूर्वी दादरमधल्या एका गृहस्थांना हाच प्रश्न पडला होता. त्यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. आज आपण त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो.

जन्म 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढं बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं. ते गाव सुटलं. मग पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून सरकारी नोकरी धरली. स्वदेशी चळवळीच्या वाऱ्यात तीही सोडली. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करायचे. स्वतःचं आडनाव उलटं करून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' असं नाव घेतलं होतं.

पुढं छपाईचा धंदा नीट बसला. रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं आणायला ते 1909 मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना. शेवटी चालता छापखाना सोडून ते बाहेर पडले, तेही हातात काही न घेता.

नवा छापखाना काढून द्यायला भांडवलवाले तयार होते. पण फाळक्यांनी नाही म्हटलं. त्याच सुमारास गिरगावात तंबूतल्या थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला होता. आपल्या राम-कृष्णांच्या गोष्टी अशा पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार डोक्यात बसला तो बसलाच.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. फाळक्यांनी विचार आला म्हणून लगेच उडी मारली नाही. आधी अभ्यास केला. मिळेल ते पुस्तक वाचलं, रोज तासन्‌तास सिनेमे पाहिले. त्या नादात डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली आणि ते पुन्हा त्याच कामाला लागले.

पैसे कुठून आणायचे? फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी 1912 मध्ये लंडन गाठलं. तिथं 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना ते ओळख नसताना जाऊन भेटले. संपादकांनी आधी या धंद्यातले धोके सांगितले, पण माणसाची जिद्द बघून स्टुडिओ दाखवायची सोयही करून दिली. फाळके काम शिकले, विल्यमसन कॅमेरा ठरवला आणि परतले.

तरी भांडवल लावणारा भेटेना. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि रोज थोडं थोडं चित्रण करून अंकुराचा वेल होताना पडद्यावर दाखवला. हे पाहून कर्ज मिळालं.

मग दादरच्या घरातच स्टुडिओ उभा राहिला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिलेच, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्मला भोकं पाडण्याचं कामही शिकून घेतलं. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून खाणावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला उभं केलं. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. तीनच दिवसांपूर्वी फाळक्यांना 43 वर्षं पूर्ण झाली होती.

लोक म्हणतात फाळक्यांनी शून्यातून सुरुवात केली. पण नीट बघा. कॅमेरा फोटो स्टुडिओत हाताळला होता. रसायनं छपाईत कळली होती. पडदे आणि देखावे रंगवायला चित्रकला कामी आली. पडद्यावरच्या चमत्कारांना जादूगार केळफा उपयोगी पडला. सुटलेल्या प्रत्येक कामानं त्यांना काहीतरी देऊन पाठवलं होतं.

पुढचा प्रवास सोपा नव्हता. 1917 चा 'लंकादहन' तुफान चालला, पण नंतर हिंदुस्थान फिल्म कंपनीतही भागीदारांशी खटके उडाले. बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना संपला. तरी वयाच्या 67 व्या वर्षी, 1937 मध्ये, त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट केला. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा हाताशी फारसा पैसा नव्हता.

म्हणजे उतारवयात सगळं सुखाचं झालं असं नाही. पण चाळिशीत त्यांनी ओळखीचा छापखाना धरला असता, तर आपल्या सिनेमाची गोष्ट वेगळीच झाली असती. तुम्हीही काम बदलायच्या विचारात असाल, तर एका कागदावर आजवर शिकलेल्या गोष्टी लिहून काढा. यादी वाटते त्यापेक्षा मोठी निघेल.