ताराबाई मोडक

वार्षिक अंक हाती आला की पालक प्रथम पाने उलटतात ती पारितोषिकांच्या यादीची. कोण पहिला आला, धावण्यात ढाल कोणत्या तुकडीस मिळाली, स्नेहसंमेलनातील नाटकात कोणाचे काम उत्तम वठले, हे वाचून घरोघरी समाधान होते, व ते योग्यही आहे. परंतु ह्याच अंकात आज ज्या बाईंचे चरित्र द्यावयाचे योजिले आहे, त्यांना लहान मुलांना बक्षिसे देणे मान्य नव्हते. शिक्षेइतकेच बक्षीसही बालकाच्या मनास घातक, असे त्यांचे मत होते. शिक्षेच्या भयाने शिकलेले मूल भय सरताच शिकणे सोडते, आणि बक्षिसाच्या लोभाने शिकलेले मूल बक्षीस मिळताच थांबते, असा त्यांचा अनुभव होता. हे मत आपणांस पटो वा न पटो, ते ज्यांनी बांधले त्यांनी आपल्या झाईपासून अगदी जवळ, बोर्डी व कोसबाड येथे, आयुष्याची शेवटची सुमारे अठ्ठावीस वर्षे वेचली. म्हणून त्यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस असलीच पाहिजे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे एक कार्यकर्ते होते. मूर्तिपूजा व जातिभेद न मानणाऱ्या, स्त्रीशिक्षणास अनुकूल अशा घरात त्या वाढल्या. त्या काळी मुलींनी चार इयत्ता शिकणे हेही पुष्कळ मानले जाई. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. तो संसार सुखाचा झाला नाही व १९२१ साली त्या विभक्त झाल्या. ह्या दुःखाचा विस्तार करण्याचे आपणांस प्रयोजन नाही. इतकेच सांगावयाचे की, एका लहान कन्येसह एकट्या राहिलेल्या ह्या स्त्रीने माहेरच्या आधाराने दिवस काढण्याऐवजी स्वतःच्या विद्येवर उभे राहण्याचे ठरविले.

राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज ही शिक्षिका तयार करणारी संस्था होती. तिच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. हुद्दा मानाचा व उत्पन्नाची शाश्वती असलेला. परंतु जवळच भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका हे गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांत रमले होते, व त्यांचे बालमंदिर सर्वांच्या कौतुकाचा व थट्टेचाही विषय झाले होते. तेथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती; मुले आपापल्या आवडीचे काम निवडून ते शांतपणे करीत बसत. ताराबाईंनी मानाची जागा सोडून १९२३ साली भावनगरची वाट धरली. गुजराती ही काही त्यांची मायबोली नव्हे. पण मुलांशी बोलावयाचे म्हणून त्यांनी ती आपलीशी केली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईस परतल्यावर त्यांनी दादर येथे शिशुविहार चालविला, मराठी 'शिक्षणपत्रिका' संपादिली, आणि आईबापांसाठी सोप्या भाषेत पुस्तके लिहिली. 'बालकांचा हट्ट' हे त्यांतलेच एक. हट्टी मूल पाहून हात उगारणाऱ्या पालकांनी ते अजूनही वाचावे असे आहे.

येथवरचे चरित्र एखाद्या विदुषीचे म्हणून पुरेसे झाले असते. पण ताराबाईंच्या मनास एक शल्य बोचत होते. ज्या पद्धतीवर त्यांची श्रद्धा होती ती मादाम माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील अत्यंत दरिद्री वस्तीत, मजुरांच्या मुलांकरिता प्रथम अमलात आणली होती. आपल्या देशात येताच मात्र ती श्रीमंतांची झाली! तिची लाकडी साधने महाग, तिच्या शाळांची फी जबर, आणि तिच्या वर्गांत येणारी मुले शहरातील सुखवस्तू घरांतली. ज्यांच्याकरिता हे औषध निघाले त्यांच्याच मुखात त्याचा थेंबही पडत नव्हता. ह्या टीकेचे उत्तर लेख लिहून देता आले असते. बाईंनी ते बोर्डीस बिऱ्हाड हलवून दिले.

डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. ताराबाईंचे वय त्या वेळी त्रेपन्न वर्षांचे होते. ह्या वयात पुष्कळ लोक निवृत्तीचे बेत करतात. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. ह्यांचीही हकीकत विलक्षण आहे. लहानपणी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, नंतर शिक्षिकेचे काम करीत रात्रशाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक, आणि आदिवासी मुलांत राबत असतानाच १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, बी. ए.! परीक्षेत एकदा अपयश आले म्हणून पुस्तके गुंडाळून ठेवणाऱ्या आमच्या मुलामुलींनी हे आकडे जरा पुन्हा वाचावेत.

केंद्र उघडले, पण मुले येईनात. आईबाप पहाटेच कामावर निघून जात. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. अंगावर धड वस्त्र नसे, पोटात अन्न नसे. अशा मुलास घंटा वाजवून बोलाविले तर ते येणार कसे? तेव्हा ताराबाईंनी प्रश्नच उलटा केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. तेथल्याच एखाद्या अंगणात मुले गोळा करावयाची, त्यांचे हातपाय धुवावयाचे, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, आणि मग गाणी, गोष्टी व खेळ. हीच अंगणवाडी. महाग लाकडी साधनांच्या जागी शंखशिंपले, गोटे, बिया, पाने व फुले आली. किनाऱ्यावरील मुलांस शिंपल्यांची कसली वाण! लहानमोठे, जडहलके, खरखरीत व गुळगुळीत हे सारे भेद समुद्र व रान फुकट शिकवीत होते. नव्याण्णव मेंढरे ठेवून एका हरवलेल्या मेंढराच्या शोधात रानोमाळ हिंडणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट आम्ही प्रार्थनेच्या तासास पुष्कळदा ऐकतो. ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या. पण त्या दृष्टांतातील वाट त्यांनी चालून दाखविली, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच का वाटावा?

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे भोवताली वारल्यांचे पाडे. ह्या ठिकाणी एकाच आवारात तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यांच्याहून मोठ्यांसाठी बालवाडी, आणि त्याच्याही पुढच्यांसाठी प्राथमिक शाळा, अशी योजना झाली. तिला विकासवाडी म्हणतात. धाकट्या भावंडाची सोय झाली तशी थोरल्या बहिणीची कड मोकळी झाली व तिला पाटी धरता आली. तरीही गुरे राखणारी मुले राहिलीच. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणातच जाऊ लागले. गुरे चरत आहेत, आणि राखणारे झाडाखाली शिकत आहेत! ह्या कुरणशाळेला ना भिंती होत्या, ना पारितोषिकांची कपाटे.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण ही पदवी दिली. बक्षिसांविरुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या पदरी हे मोठे बक्षीस पडले, ह्याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आरंभिली, व तिच्या केंद्रांना जे अंगणवाडी हे नाव देशभर रूढ झाले ते ह्याच भागातल्या पाड्यांवरून गेलेले आहे. तुमची धाकटी भावंडे सकाळी जेथे जातात तीच ती. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत चालविले.