दादोबा पांडुरंग आणि सहायक क्रियापदाची जागा

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. मराठीचे पाणिनी ही त्यांची ख्याती. परंतु पाणिनीपुढे परभाषेचे व्याकरण उघडे नव्हते, दादोबांपुढे होते. १८३६ मध्ये, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्यांनी महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याची धर्ती लिंडले मरे यांच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणाची होती.

मरे यांच्या वाक्यविचारात क्रियाविशेषणाच्या जागेविषयी एक नियम आहे. ते पुष्कळदा सहायक आणि मुख्य क्रियापद यांच्या मधोमध येते, असे तो सांगतो. 'ही हॅड नेव्हर सीन इट' या वाक्यात 'नेव्हर' असाच मध्ये बसतो. मराठीत ही फट जवळजवळ नाहीच. येथे सहायक मागून येते. 'त्याने ते कधी पाहिले नव्हते' यात 'कधी' जोडीच्या अलीकडेच थांबतो, आणि निषेध मध्ये न शिरता सहायकातच मुरतो: 'होते'चे 'नव्हते' होते. आत प्रवेश मिळतो तो 'च', 'तर', 'देखील' यांसारख्या शब्दांना. 'तो आलाच आहे', 'तो आला तर आहे' ही बोलण्यातली नित्याची वाक्ये. साचा उसना घेता आला, तरी हा नियम मराठीत उतरवणे शक्य नव्हते.

पुढे जावरा आणि सुरत येथे नोकरी, १८४४ ची मानवधर्म सभा, १८४९ ची मुंबईतील परमहंस सभा, अहमदनगरची डेप्युटी कलेक्टरी असे त्यांचे आयुष्य पुष्कळ वाटांनी गेले. व्याकरण मात्र सुटले नाही. १८५० मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी शालापत्रकातून त्यांच्या मतांची कठोर चिकित्सा केली. इंग्रजी वळणाचा आक्षेप निराधार नाही, पण तो अर्धाच खरा; परक्या साच्यात मराठी कोठे मावत नाही, हे तो साचा लावून पाहिल्यावाचून दिसले नसते. दादोबांनी १८८१ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आपल्या व्याकरणाला पूरणिका जोडली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते निवर्तले.

धातुसाधित आणि सहायक यांचे मिळून एक क्रियापद मानावे की दोन, हा वाद त्यांच्या मागे राहिला. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या शास्त्रीय मराठी व्याकरणात तो पुन्हा हाती घेतला, आणि दामल्यांची पद्धती समोर ठेवून कामताप्रसाद गुरू यांनी १९२० मध्ये हिंदी व्याकरण सिद्ध केले.