धनुष्यबाणवाल्या शिकाऱ्यांना वेगळा कोटा? अमेरिकेतल्या वादामागचा सर्जन

अमेरिकेत हरणाची किंवा एल्कची शिकार करायची तर आधी टॅग घ्यावा लागतो. टॅग म्हणजे एक जनावर मारायचा सरकारी परवाना. पश्चिमेकडच्या राज्यांत अनेकदा टॅग कमी आणि अर्ज जास्त असतात, मग सोडत निघते. यातले काही टॅग फक्त धनुष्यबाणवाल्यांसाठी राखून ठेवावेत का, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद सुरू आहे.

या वादाचा माग काढत गेलं की एक नाव हमखास सापडतं. डॉ. सॅक्स्टन पोप.

पोप यांचा जन्म 1875 चा, टेक्सासमधला. पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवू लागले. 1911 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोविल गावाजवळ याही जमातीचे इशी एकटेच जंगलातून बाहेर आले. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत त्यांची जमात संपली होती. इशींना विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवलं गेलं. हॉस्पिटल शेजारीच होतं. तिथे पोप त्यांचे डॉक्टर झाले आणि बघता बघता शिष्यही. धनुष्य घडवणं, बाणाला पातं बसवणं, सावजाच्या जवळ सरकणं हे सगळं ते इशींकडून शिकले. 1916 मध्ये इशी टीबीने गेले.

पोप यांनी धनुष्य सोडलं नाही. मित्र आर्ट यंग यांच्यासोबत त्यांनी हरणं, अस्वलं मारली. 1920 मध्ये एका संग्रहालयासाठी त्यांनी यलोस्टोनमध्ये ग्रिझलीची शिकार केली. 1923 मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर त्यांचं पुस्तक आलं. 1925 मध्ये पाठीशी बंदूक ठेवून त्यांनी आफ्रिकेत सिंहांवर बाण चालवले. पुढच्याच वर्षी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला.

सर्जन असल्याने पोप यांचा मुद्दा सरळ होता. धारदार पात्याचा बाण छातीत नीट बसला तर रक्तस्रावाने मोठं जनावरही लवकर मरतं. म्हणजे बाण हे खेळणं नाही.

1934 मध्ये विस्कॉन्सिनने दोन काउंट्यांत हरणांसाठी धनुष्यबाणाचा वेगळा हंगाम ठेवला. बाण पुरेसा मारक आहे हे राज्यांना पटावं, म्हणून 1961 मध्ये पोप अँड यंग क्लब निघाला.

खरी गंमत इथे आहे. वेगळा कोटा मागणारे आज नेमकी दुसरी बाजू मांडतात. बाणाने शिकार साधते कमी, त्यामुळे तेवढ्याच कळपावर जास्त लोकांना रानात जाता येतं, असं ते सांगतात. विरोधक म्हणतात, जखमी होऊन पळालेली जनावरं हिशेबात येत नाहीत. शिवाय सप्टेंबरमध्ये, एल्कच्या माजाच्या काळात, नर हाकेला ओ देत जवळ येतात, तो मोक्याचा काळ बऱ्याचदा धनुष्यवाल्यांच्याच वाट्याला येतो.

त्यात 1969 मध्ये पेटंट मिळालेल्या कंपाउंड धनुष्याची भर पडली. कप्प्यांमुळे ताणलेली दोरी धरून ठेवायला जोर कमी लागतो आणि नेम धरणं सोपं जातं.

म्हणजे धनुष्य इतकं मारक हवं की जनावराचे हाल होऊ नयेत, आणि इतकं अवघडही हवं की वेगळी सवलत रास्त वाटावी. पोप यांनी पहिली अट सिद्ध करण्यात आयुष्य घातलं. धनुष्य जसजसं सोपं होतंय, तसतशी दुसरी अट निसटत चाललीय, आणि टॅगचं भांडण तिथेच अडलंय.